गृहशिक्षण : पालकांचे हेतू

मुलाला शाळेत न घालता, किंवा शाळेतून काढून, घरीच शिकवण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांत दिसते. गुणांच्या शर्यतीचा वीट, मुलाची एखाद्या विषयातील ओढ, शाळेतील जाच ही नेहमीची कारणे. मुंबईच्या मालविका जोशीला आईने सातवीत शाळेतून काढले. दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसतानाही 2016 मध्ये तिला संगणक ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. असे यश अपवादात्मकच.

जालना जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेबाहेर पडतात, ती मात्र मागे सांभाळायला कोणी नसते म्हणून. या नाइलाजाला गृहशिक्षण म्हणता येणार नाही. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहांची शासकीय योजना आहे.