सी. के. नायडू : जन्म नागपूरचा, भाकरी इंदूरची



खेळाडूचे चरित्र सांगताना आपण त्याच्या धावा मोजतो, षट्कार मोजतो. पण त्याच्या घरची चूल कोणाच्या आधारावर पेटत होती, हे मात्र विचारीत नाही. अमेरिकेत १८६९ सालीच सिनसिनाटीच्या बेसबॉल संघात पगारी खेळाडू होते. मैदानाच्या दूरच्या टोकाला झेल टिपण्यासाठी उभा राहणाराही आपल्या खेळावर पोट भरी. आपल्याकडे असा पगार नव्हता. होता तो राजाश्रय. कोट्टारी कनकय्या नायडू यांची कारकीर्द हा त्या राजाश्रयाचाच इतिहास आहे.

आपल्या पांढरकवड्यावरून जाणारी सडक उत्तरेस ज्या नागपुरास पोचते, तेथे ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. परंतु १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदुरास बोलावून घेतले आणि लष्करात कप्तानाचा हुद्दा दिला. नागपूरने खेळाडू घडविला. त्याला पोसण्याची ऐपत मात्र इंदूरच्या दरबाराची होती.

या आश्रयाचे फळ मोठे आले. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या. त्यांत ११ षट्कार होते. दोनच वर्षांनी भारताचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. पण लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीच्या वेळी ते बाजूस झाले आणि नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार ठरले. हाताला दुखापत झालेली असूनही पहिल्या डावात संघातील सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या.

पण राजाश्रयाची दुसरी बाजूही होती. १९३६ च्या दौऱ्यावर कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले, आणि नायडूंसारखा अनुभवी पुरुष त्यांच्या हाताखाली खेळला. जेथे थैली संघ पोसते, तेथे सेनापतीही थैलीच निवडते! नायडूंच्या वाट्यास अवघे ७ कसोटी सामने आले. तरी ते खचले नाहीत. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला, तो त्यांच्याच तालमीत. वयाची साठी उलटल्यावरही ते रणजी सामन्यात उतरले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरासच त्यांनी देह ठेवला.

विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला १९५७-५८ साली. करंडक हाती यायला साठ वर्षे लागली. आणि १ जानेवारी २०१८ रोजी तो आला, तो इंदूरच्या होळकर मैदानावर. नागपूरचा पुत्र ज्या गावी भाकरीसाठी गेला, तेथूनच नागपूरकरांनी मान घरी आणला. आता प्रश्न उरतो तो आपला. आपल्या गावच्या मैदानावर आज एखादे पोर धावत असेल, तर त्याच्या भाकरीची सोय आपण करणार, की त्यालाही कोणा दूरच्या दरबाराची वाट धरायला लावणार?