फायब्रोमायल्जिया

सर्वांगात महिनोन्‌महिने राहणारी वेदना, न उतरणारा थकवा आणि रात्रभर झोपूनही न मिळणारी विश्रांती ही मुख्य लक्षणे असलेला विकार. स्नायू-सांध्यांना सूज वा झीज नसल्याने रक्ततपासणी व एक्स-रे निर्दोष येतात आणि रुग्णाला, विशेषतः स्त्रीला, ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावले जाते. हा अन्यायच होय. वेदना खरी असते. घट्ट ब्लाऊजची शिवण किंवा मायेने दाबलेला खांदाही असह्य होतो.

ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये अशा वेदनेमागे दाह गृहीत धरून ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा वापरली. असा दाह पुढे आढळला नाही. आज मेंदू व मज्जारज्जूच्या वेदनासंस्करणातील बिघाड हे प्रमुख कारण मानतात. साधा दाबही तेथे वेदना म्हणून नोंदला जातो. अनेक रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनावाहक द्रव्य वाढलेले असते. आनुवंशिकता, अपघात, संसर्ग, दीर्घ ताण यांचाही हातभार लागतो. २०२१ मध्ये रुग्णांची प्रतिपिंडे टोचलेले उंदीर वेदनेला अधिक संवेदनशील झाले, तेव्हापासून प्रतिकारसंस्थेचा सहभाग गांभीर्याने अभ्यासला जात आहे.

निदान लक्षणांवरूनच होते. ती किमान तीन महिने असावी लागतात. उपचारांत हळूहळू वाढवलेल्या व्यायामाला पुराव्यांचा सर्वाधिक आधार आहे.