सर्जापूर रोड : तलाव, झोपड्या आणि उमेदवाराची निवड

बंगळुरूच्या आग्नेय भागात कोरमंगळपासून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे देशभर परिचित आहे. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबेही या परिसरात राहतात. गेल्या काही वर्षांत येथे तलावाला आग लागली, वसाहती पाण्याखाली गेल्या आणि मजुरांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. पर्यावरण आणि सामाजिक न्याय यांना महत्त्व देणारा उमेदवार कसा ओळखावा, या प्रश्नाचा विचार करताना हा परिसर उपयुक्त उदाहरण ठरतो.

तीन घटना

सर्जापूर रोडलगतचा बेळंदूर तलाव बंगळुरू शहरातील सर्वांत मोठा तलाव मानला जातो. प्रक्रिया न केलेले सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात मिसळत राहिल्याने पाण्यावर जलपर्णी आणि फेस साचला. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी या तलावाला आग लागली. राष्ट्रीय हरित लवादाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. १९ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा आग भडकली आणि ती विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांची मदत घ्यावी लागली. या तलावाचे पाणी वर्तूर तलावातून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते आणि ही नदी तामिळनाडूत जाते. त्यामुळे शहरातील सांडपाण्याचा भार खालच्या अंगाच्या गावांनाही सोसावा लागतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टीनंतर बेळंदूर, सर्जापूर रोड आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्याचा परिसर जलमय झाला. रहिवाशांना बोटी आणि ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. एका तलावातून दुसऱ्या तलावात पाणी वाहून नेणाऱ्या, ‘राजकालुवे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पावसाळी नाल्यांवरील अतिक्रमणाचा प्रश्न यानंतर ऐरणीवर आला.

तत्पूर्वी, जानेवारी २०२० मध्ये बेळंदूरजवळील करियम्मन अग्रहार येथे स्थलांतरित मजुरांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. तेथील रहिवासी बांगलादेशी असल्याचा दावा करण्यात आला होता. अनेक मजुरांनी मात्र भारतीय ओळखपत्रे दाखविली. हे प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेले.

न्यायालयाची मर्यादा

आगरा आणि बेळंदूर तलावांदरम्यानच्या बांधकामाविषयीच्या प्रकरणात हरित लवादाने मे २०१६ मध्ये तलावांभोवती ७५ मीटरचे संरक्षित क्षेत्र ठेवण्याचा आदेश दिला. शहराच्या बृहत् आराखड्यात ही मर्यादा ३० मीटर होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी हा वाढीव मर्यादेचा आदेश रद्द केला. कायद्याने लागू झालेल्या आराखड्यातील तरतुदी बदलण्याचा अधिकार लवादाला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, तलावाच्या काठापासून किती अंतरावर बांधकाम करता येईल, हे ठरविण्याची जबाबदारी अखेरीस शासन आणि विधिमंडळाकडे येते. २०२५ मध्ये हे संरक्षित क्षेत्र तलावाच्या आकारमानानुसार कमी करण्यासंबंधीचे दुरुस्ती विधेयक कर्नाटक विधिमंडळासमोर आले. अशा वेळी आपल्या आमदाराने सभागृहात कोणती भूमिका घेतली, याची माहिती घेणे मतदाराच्या हिताचे असते.

प्रश्न कोणाला विचारावा

उमेदवाराची पारख करण्यापूर्वी तो ज्या सभागृहात जाणार आहे, त्याचे अधिकार माहीत असणे आवश्यक आहे. बंगळुरू विकास प्राधिकरण आणि पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ या राज्य शासनाच्या अखत्यारीतील संस्था आहेत. त्यामुळे सांडपाणी प्रक्रिया आणि जमीन वापराविषयीचे प्रश्न प्रामुख्याने विधानसभेच्या उमेदवाराला विचारावयाचे आहेत. जलप्रदूषण प्रतिबंध आणि पर्यावरण संरक्षणाचे केंद्रीय कायदे संसदेच्या कक्षेत येतात. कचरा व्यवस्थापन आणि पावसाळी नाल्यांची निगा हे महापालिकेचे काम आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची समाविष्ट झाली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची ही यादी आहे. तिच्यात आठव्या क्रमांकावर पर्यावरण संरक्षण, नवव्या क्रमांकावर दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि दहाव्या क्रमांकावर झोपडपट्टी सुधारणा हे विषय लागोपाठ आले आहेत. तलाव वाचविणे आणि झोपडीवासीयांना न्याय देणे ही परस्परविरोधी कामे नाहीत, हे या क्रमावरूनही लक्षात येते.

तथापि, हे सभागृहच अस्तित्वात नसेल तर प्रश्न विचारण्याची जागा उरत नाही. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली, तेव्हा निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले. या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. २०२२ च्या पुराच्या वेळी रहिवाशांना नगरसेवक नव्हता. महाराष्ट्रातही मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर निवडणुकीसाठी जानेवारी २०२६ पर्यंत प्रतीक्षा करावी लागली.

प्रतिज्ञापत्र कसे वाचावे

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवारांना आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती देणे बंधनकारक झाले. लोकसभा आणि विधानसभेसाठी ही माहिती नमुना २६ मध्ये दिली जाते आणि ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. खोटी माहिती देणाऱ्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या नमुन्यात पर्यावरण किंवा सामाजिक न्यायाविषयीच्या भूमिकेसाठी रकाना नाही. मात्र स्थावर मालमत्तेचे ठिकाण आणि सर्व्हे क्रमांक, व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत आणि शासकीय कंत्राटे यांचा तपशील त्यात असतो. तलाव किंवा नाल्यालगतच्या जमिनीत उमेदवाराचे आर्थिक हितसंबंध आहेत काय, याचा अंदाज त्यावरून घेता येतो. उर्वरित माहिती प्रचारसभेत आणि प्रभागातील बैठकीत विचारून घ्यावी लागते. अतिक्रमण हटविताना मोठ्या इमारतीला आणि झोपडीला एकच नियम लावणार काय? हटविलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन कोठे करणार? सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी निधीची मागणी केव्हा आणि कोठे केली? या प्रश्नांना मिळणारी उत्तरे जाहीरनाम्यातील आश्वासनांपेक्षा अधिक बोलकी असतात.

बेळंदूर परिसर ज्या महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात येतो, तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेमुळे वंचित समाजाला प्रतिनिधित्वाची हमी मिळते. सर्वांत दुर्बल रहिवाशाचा प्रश्न सभागृहात मांडला जाईल की नाही, हे मात्र निवडून येणाऱ्या व्यक्तीवर आणि तिला जाब विचारणाऱ्या मतदारांवर अवलंबून असते.

मतदार यादीतील नाव

घर बदललेल्या मतदाराने अर्ज क्रमांक ८ भरून आपले नाव नव्या पत्त्यावर नोंदवून घ्यावयाचे असते. प्रथमच नोंदणी करणाऱ्यासाठी अर्ज क्रमांक ६ आहे. सर्जापूर रोडवर राहून नाव मात्र सोलापूर किंवा नागपूरच्या यादीत ठेवणाऱ्या व्यक्तीला बेळंदूरच्या पाण्याविषयी मत नोंदविता येत नाही. सदनिकेतील अभियंता आणि त्याच इमारतीच्या बांधकामावर राबलेला मजूर, दोघांनाही हे तितकेच लागू आहे.