एक अंडं आणि दोन सार्वमतं

इतिहास लिहिणारी मंडळी तोफा मोजतात, तह मोजतात, फार तर घोडे मोजतात. अंडी-टोमॅटोकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. वास्तविक लोकशाहीत अंड्याचा मान मोठा आहे. मत पाच वर्षांतून एकदा देता येतं. अंडं बारा महिने मिळतं. आमच्याकडे नाटक पडलं की अंडी उडत. पण अंगावर अंडं आलं म्हणून एखाद्या नटानं नवं पोलीसखातं काढल्याचं ऐकिवात नाही. ते काम केलं ऑस्ट्रेलियाच्या एका पंतप्रधानानं. त्यांचं नाव विल्यम मॉरिस ह्यूज. लोक त्यांना नुसतं बिली म्हणत.

ऑस्ट्रेलियाशी आमची ओळख पहाटे ट्रान्झिस्टर कानाला लावून झालेली. त्या देशाला कप्तान असतो हे लहानपणीच कळलं. पंतप्रधानही असतो हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं. पण एकदा का या बिली ह्यूजची गाठ पडली, की माणूस ब्रॅडमनचे रन्ससुद्धा बाजूला ठेवतो.

ह्यूज जन्मले लंडनमध्ये, १८६२ साली, वेल्श आईबापांच्या पोटी. १८८४ साली ऑस्ट्रेलियात उतरले आणि पडेल ते काम करत हिंडले. पुढं सिडनीच्या बामेन भागात छोटंसं दुकान टाकलं. तिथं ते राजकारणाची चोपडी विकत आणि फावल्या वेळात छत्र्या दुरुस्त करत. छत्री दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: काडी वाकवता येते, पण बेताबेतानं. हे ज्ञान राजकारणात गेल्यावर बिलीसाहेब साफ विसरले. आधी आमदार, मग गोदी कामगारांच्या युनियनचे सेक्रेटरी, मग १९०१ पासून खासदार, मधल्या काळात वकिलीची सनद, आणि २७ ऑक्टोबर १९१५ रोजी मजूर पक्षाचे पंतप्रधान. अंगानं काटकुळे, पोटानं अधू आणि कानानं बहिरे. ऐकण्याचं यंत्र बाळगत. विरोधक बोलायला लागला की ते बंद करीत, असं सांगतात. ही सोय मिळाली असती तर आमच्या ओळखीचे किती तरी संसार सुखाचे झाले असते!

हे पहिल्या महायुद्धाचे दिवस. पन्नास लाखांहून कमी वस्तीचा देश. सुरुवातीला पोरं हौसेनं भरती झाली. नुसत्या जुलै १९१५ मध्ये छत्तीस हजारांवर नावं लागली. मग गॅलिपोलीच्या याद्या आल्या. १९१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या पोझिएर गावाभोवती दीड-दोन महिन्यांत तेवीस हजार ऑस्ट्रेलियन कामी आले किंवा जायबंदी झाले. भरतीच्या कचेरीपुढची रांग आटली ती तेव्हा. ह्यूज त्याच सुमारास विलायतेहून परतले होते. तिथं त्यांचा भारी बोलबाला झाला होता, आणि विलायतेत कौतुक झालेल्या माणसाला घरच्यांची मतं अडाणीपणाची वाटायला लागतात. त्यांनी ठरवलं, आता सक्तीची भरती. याच गृहस्थानी वर्षभरापूर्वी पार्लमेंटात सांगितलं होतं, की कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध परदेशी लढायला धाडायला मी कधीही मान्यता देणार नाही. पण पुढाऱ्याचं ‘कधीही’ आणि शिंप्याचं ‘मंगळवारी नक्की’ यांचा हिशेब निराळा असतो.

अडचण अशी की देशातल्या देशात सक्ती करायचा अधिकार कायद्यात होता, देशाबाहेरचा नव्हता. त्यांच्याच पक्षाचे लोक सेनेटमध्ये हा कायदा होऊ देईनात. तेव्हा त्यांनी थेट लोकांनाच विचारायचं ठरवलं. तारीख पडली २८ ऑक्टोबर १९१६. मतपत्रिकेवरचा प्रश्न ‘या बिकट प्रसंगी’, ‘युद्धापुरते’, ‘देशाबाहेर’ अशी वळणं घेत इतका लांबला होता, की वाचता वाचता माणूस लढाईच्या वयाबाहेर जावा! त्यात ‘सक्तीची भरती’ हे शब्द मात्र सरळपणे कुठं नव्हते. आमच्या सोसायटीच्या सर्क्युलरमध्येही वर्गणीवाढ शेवटच्या ओळीत ‘तसेच’च्या आडोशाला उभी असते.

आणि मग देशात जी जुंपली ती सांगता सोय नाही. एकीकडे वर्तमानपत्रं, पेढ्या, मोठमोठे लोक. दुसरीकडे युनियनवाले, शांततावादी बाया आणि आयरिश कॅथलिक. आयर्लंडात त्याच साली ईस्टरला इंग्रजांनी उठाव चिरडला होता. तेव्हा इंग्रजांच्या लढाईला पोरं द्या म्हटल्यावर ती मंडळी कशी उठतील? मेलबर्नचे धर्मगुरू डॅनियल मॅनिक्स त्यांचे सेनापती. शेतकऱ्याला काळजी हंगामाची: गडी नेले तर कापणी कुणी करायची? भरती न झालेल्या तरुणांना पोस्टानं पांढरी पिसं जात. पांढरं पीस म्हणजे भेकडपणाचा शेरा. ज्या घरातला एक मुलगा फ्रान्समध्ये आणि दुसरा अजून घरी, त्या घरातल्या आईनं कुठल्या बाजूला जायचं? दोन्ही पक्ष तिच्याच नावानं पत्रकं छापत होते.

गंमत आणि क्रूरपणा हातात हात घालून कसे चालतात ते पाहा. विरोधकांनी हाकाटी केली की आपली पोरं बाहेर गेली की स्वस्त मजूर बाहेरून आणणार. नेमकं त्याच वेळी ‘गांज’ नावाचं फ्रेंच जहाज माल्टा बेटाचे दोनशेहून जास्त मजूर घेऊन निघालेलं! माल्टा इंग्रजांचंच, म्हणजे ही माणसं साम्राज्याची हक्काची प्रजा. पण सरकारच्या पोटात गोळा आला. तिथं नको असलेल्या माणसाला परत धाडायची एक युक्ती होती, तिचं नाव श्रुतलेखन. अधिकारी सांगेल त्या भाषेत लिहून दाखवायचं. या माल्टावाल्यांना श्रुतलेखन घातलं ते डच भाषेत! सगळे नापास. उतरू न देता त्यांना पार न्यू कॅलेडोनियाला नेऊन ठेवलं, आणि देशात यायला त्यांना पुढचा मार्च उजाडला. हीच परीक्षा हिंदुस्थानी माणसालाही दारात अडवायला होती. ती बंद झाली १९५८ साली. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला आमचे हात लाल होत, पण निदान मास्तर मराठीत सांगत.

निकाल लागला. होय म्हणणारे १०,८७,५५७. नाही म्हणणारे ११,६०,०३३. जेमतेम ७२,४७६ मतांनी पंतप्रधान हरले. एखादा माणूस गप्प बसला असता. १४ नोव्हेंबरला पक्षाच्या बैठकीत त्यांच्यावर अविश्वासाची चर्चा चालली असताना हे उठले, पटेल त्यांनी मागं यावं म्हणाले, आणि सुमारे दोन डझन माणसं घेऊन चालते झाले. विरोधकांच्या पाठिंब्यावर पंतप्रधानपद कायम. म्हणजे पक्ष सोडला, खुर्ची नाही. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. फक्त हा मान आपला नव्हे एवढंच नोंदवून ठेवतो.

पण खरं नवल पुढं आहे. मे १९१७ मध्ये निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी ह्यूजना दणदणीत बहुमतानं निवडून दिलं! आजोबांना घरात मान असतो, पंगतीत पहिलं पान त्यांचं. पण नातीचं लग्न त्यांनी ठरवलेल्या मुलाशी करायचं म्हटलं की सगळं घर एकमुखानं नाही म्हणतं. तसंच हे. माणूस हवा, त्याचा हट्ट नको. ह्यूजना मात्र यातला पहिला भागच ऐकू आला. यंत्र बंद असावं.

त्यांनी दुसरं सार्वमत लावलं: २० डिसेंबर १९१७. तेही शनिवार सोडून गुरुवारी. कामगाराला खाडा पडला तर पडला. बेंडिगो गावी त्यांनी जाहीर केलं, की हा अधिकार मिळाला नाही तर आमचं सरकार कारभार करणार नाही. क्वीन्सलंडचा मुख्यमंत्री रायन कट्टर विरोधी. त्याच्या भाषणावर सेन्सॉरनं कात्री चालवली, तर त्यानं ते विधानसभेच्या अधिकृत वृत्तांतात छापायला घेतलं. वर कापलेला मजकूर ठळक टायपात! मग केंद्राच्या हुकमानं लष्करी माणसांनी ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यावर रात्री छापा घातला आणि प्रती जप्त केल्या. सरकारनं सरकारच्याच छापखान्यावर धाड घालावी, हा योग फार दुर्मिळ.

आणि तीन दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, सिडनीच्या वाटेवर वॉरिक नावाच्या स्टेशनात पंतप्रधान भाषणाला उतरले. गर्दीतून अंडं आलं आणि त्यानं त्यांची हॅट उडवली. पंचावन्न वर्षांचा हा काटकुळा पंतप्रधान सरळ गर्दीत घुसला. मारामारी झाली. थोडं निवल्यावर त्यांनी तिथल्या सिनियर सार्जंट केनीला हुकूम सोडला: पकडा त्याला. केनीनं शांतपणे सांगितलं, की आपण क्वीन्सलंडचे नोकर, क्वीन्सलंडचा कायदा तेवढा ओळखतो. देशाचा पंतप्रधान, हातात युद्धकाळचे सगळे अधिकार, आणि एका फौजदाराला हलवता येईना! काही दिवसांतच ह्यूजनी केंद्राचं स्वतंत्र पोलीसदल काढलं. कोंबडी बिचारी कुठल्या परसात होती कोण जाणे. एवढं फलदायी अंडं तिच्या जातीत पुन्हा कुणी घातलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला फरक वाढला. होय १०,१५,१५९, नाही ११,८१,७४७. ह्यूजनी शब्द पाळला आणि ८ जानेवारी १९१८ ला राजीनामा दिला. गव्हर्नर जनरलनी इकडंतिकडं चौकशी केली, दुसरं कुणी सरकार बनवू शकेना, तेव्हा दोन दिवसांनी पुन्हा ह्यूजनाच बोलावलं. मंत्रिमंडळ तेच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर वार्षिक सभेला नेमका हाच कार्यक्रम करतात. फक्त त्यांना दोन दिवस लागत नाहीत, चहापर्यंत उरकतं.

इथवर आपण हसलो. पण मला या प्रकरणात एक आकडा कधी हसू देत नाही. सार्वमतात आघाडीवरच्या सैनिकांचीही मतं घेतली होती. पाठीवर पोझिएरचे चिखल आणि समोर हिवाळा. आपल्या मदतीला नवी कुमक यावी असं त्यांच्याइतकं कुणाला वाटणार? पहिल्या खेपेला ७२,३९९ जण होय म्हणाले, आणि ५८,८९४ जण नाही. दुसऱ्या खेपेला १,०३,७८९ होय, ९३,९१० नाही. जे नाही म्हणाले त्यांनी मनाशी काय म्हटलं असेल? आम्ही आपल्या पायानं आलो; इथं काय आहे ते पाहिलं; आता दुसऱ्याच्या पोराला मानगूट धरून इथं आणायला आमच्या सहीचा कागद नको. या युद्धात ऑस्ट्रेलियाची साठ हजार माणसं गेली. ती सगळी स्वखुशीनं गेलेली होती, कारण घरी राहिलेल्यांनी दोनदा नाही म्हटलं.

त्याच साम्राज्यासाठी मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. आमच्या साताऱ्याकडच्या खेड्यांतून अजून संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. त्या गावांना कुणी मतपत्रिका दिली नव्हती. लांबलचक प्रश्नाचीसुद्धा नाही.

ह्यूज १९२३ पर्यंत पंतप्रधान राहिले. मग स्वतःच्याच आघाडीनं त्यांना बाजूला केलं, आणि सहा वर्षांनी त्यांनी त्या वारसाचं सरकार पाडून हिशेब चुकता केला. मरेपर्यंत खासदारकी सोडली नाही. पक्ष मात्र इतके बदलले, की एकानं विचारलं म्हणे, तुम्ही कंट्री पार्टीत कसे कधी गेला नाहीत? तर म्हणाले, माणसानं कुठं तरी मर्यादा पाळावी. नव्वदाव्या वर्षी ते वारले. तारीख होती २८ ऑक्टोबर १९५२. पहिल्या सार्वमताला त्या दिवशी बरोबर छत्तीस वर्षं झाली होती. सिडनीच्या रस्त्यांवर अंत्ययात्रा पाहायला लाखो लोक उभे होते. त्यांत दोन्ही खेपेला ‘नाही’वर खूण केलेले म्हातारे-म्हाताऱ्या किती तरी असतील. त्यांनी हॅट काढली, आणि आपलं मत आपल्याजवळ ठेवलं.