नेवाळीची धावपट्टी

विमान उडवण्यापेक्षा उतरवणं अवघड असतं म्हणतात. सेसना 152 म्हणजे दोन माणसांचं, एका इंजिनाचं विमान. भरलेलं असलं तरी पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे आपल्या जीपगाडीहून हलकं. पण उतरताना त्याचा वेग ताशी शंभराच्या घरात असतो. त्या वेगात चाकाखाली बांध आला की संपलंच!

25 जुलै 2022 ला बारामतीहून उडालेलं असंच एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडलं. आत एकटी शिकाऊ मुलगी होती. विमान मोडलं, पण पोर किरकोळ जखमांवर बचावली. मदतीला आधी धावले ते शेतातले लोक. अडल्या विमानाला शेत असं एखाद्या दिवसापुरतं धावपट्टी होतं.

आमच्या कल्याणजवळ मलंगगडाच्या पायथ्याला मात्र शेताची कायमची धावपट्टी झाली. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि इंग्रज सरकारला जागोजाग विमानतळ हवे झाले. नेवाळी, भाल या बाजूची भाताची जमीन सपाट. आसपासच्या गावांची मिळून 1,600 एकरांहून जास्त जमीन सरकारने ताब्यात घेतली. बांध फोडून खाचरं बुजवली, तेव्हा धावपट्टी झाली. लढाई संपली की जमीन परत मिळणार, असं जुनी माणसं सांगत आली.

1945 ला लढाई संपली, 1947 ला इंग्रज गेले. जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. विमानं यायची बंद झाली, तशी लोकांनी पुन्हा भातं लावली. 2017 मध्ये नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली. 22 जूनला, ऐन पेरणीच्या दिवसांत, भडका उडाला. पोलिसांच्या गाड्या जळल्या, छर्रे सुटले, दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

गाड्या जाळून जमीन मिळत नाही, हे खरं. देशाला धावपट्टी लागते, हेही खरं. पण जमीन घेताना काय ठरलं, कुणाला किती पैसे दिले, ते कागद गावात आणून चावडीवर वाचून दाखवायला काय हरकत आहे? खात्याची असेल तर खात्याची म्हणा, आमची असेल तर सातबारा आमच्या नावे करा. वाट बघण्यात तीन पिढ्या गेल्या.