दुचाकीच्या पोटातला कोळशाचा डबा

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात मोटरसायकल नेली की एक सल्ला फुकट मिळतो. "हा काळा डबा काढून टाकू का? काही कामाचा नाही." हा डबा म्हणजे चारकोल कॅनिस्टर. भारतातल्या अलीकडच्या गाड्यांतही तो असतो, त्यामुळे तुम्हालाही कधीतरी हे ऐकावं लागेल. म्हणून त्याची थोडी हकीकत.

पेट्रोलची टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली वाफ बाहेर पडते, रात्री निवली की बाहेरची हवा आत शिरते. टाकी पूर्ण बंद केली तर इंजिनाला पेट्रोल नीट पोचणार नाही. मग वाफेचं काय करायचं? ती सक्रिय कोळशातून न्यायची. हा कोळसा इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर भरतो. वाफ त्याला चिकटून बसते. गाडी चालू झाली की इंजिन त्यातून ताजी हवा ओढून घेतं आणि अडकलेली वाफ जाळून टाकतं. थोडक्यात, आपलंच पेट्रोल आपल्याला परत.

ही कल्पना रुजली ती लॉस एंजेलिसच्या उन्हात. १९४० च्या दशकात तिथे डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरायचं आणि सगळे कारखान्यांकडे बोट दाखवायचे. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच शास्त्रज्ञ होते. (आपल्यासारखेच परदेशी गेलेले!) ते अननसाच्या वासातली रसायनं शोधत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावलं. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल आणि इंजिनातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. तेलधंद्याच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी हे खोडून काढायचा बराच प्रयत्न केला, पण ते टिकलं.

धूर दिसतो, ही वाफ दिसत नाही. गाडी बंद उभी असतानाही ती निघत असते. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० च्या मोटारींपासून वाफेवर नियंत्रण सक्तीचं केलं, पुढच्या वर्षी संपूर्ण अमेरिकेने. मोटरसायकलींची पाळी कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात आली. आपल्याकडे बीएस-४ मुळे १ एप्रिल २०१७ पासून सगळ्या नव्या दुचाकींना हा नियम लागू झाला. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये मर्यादा आहे एका चाचणीत फक्त दीड ग्रॅम. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी हवाबंद खोलीत ठेवून हे मोजतात.

आता अमिरातीत या. उन्हाळ्यात सावलीत पंचेचाळीस अंश, उन्हातल्या टाकीची तर बातच सोडा. २००९ साली लेलिवेल्ड आणि सहकाऱ्यांनी आखाती प्रदेश ओझोन प्रदूषणाचं मोठं केंद्र असल्याचं मांडलं. म्हणजे ज्या उन्हासाठी हा डबा बनला, त्याच उन्हात तो निरुपयोगी ठरवला जातोय!

मेकॅनिकचं सगळंच चूक नाही. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल डब्यात शिरतं, कोळसा भिजतो, गाडी चालू व्हायला त्रास देते. कधी नळी दुमडते. पण डबा काढून नळीला बूच मारलं तर टाकीत निर्वात होऊन गाडी बंद पडते. नळी उघडी सोडली तर बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ साठते, ती नुसती वासाची नव्हे, आगीचीही बाब आहे. त्यापेक्षा पंपाचं नॉझल एकदा 'टक' झालं की थांबावं आणि खराब नळी बदलावी.

पेट्रोलमधलं शिसं काढणं त्या मानाने सोपं होतं. भारताने २००० साली आणि अमिरातीने २००३ साली पंपावरचं पेट्रोलच बदललं. गिऱ्हाइकाला काहीच करावं लागलं नाही. डब्याचं तसं नाही. तो गाडीवर ठेवायचा की नाही, हे शेवटी मालकाच्या पान्यावर ठरतं. ओझोन भर दुपारी वाढतो, आणि तेव्हा एसीबाहेर असतात ती जेवणाचे डबे पोचवणारी आपल्याकडची पोरं. डबा काढण्यापूर्वी एवढं लक्षात असलेलं बरं.