खिशातल्या टपालाची गोष्ट

आज नव्या फोनात आपला पत्ता व परवलीचा शब्द घातला की टपाल हजर होते. पूर्वी ते इतके सोपे नव्हते.

१९९४ साली अमेरिकेत आयबीएमचा ‘सायमन’ विक्रीस आला. वजन अर्धा किलो! त्यावरून फॅक्स व ईमेल धाडता येई, पण बोलू लागले की बॅटरी तासाभरात संपे. १९९६ साली नोकियाचा ‘कम्युनिकेटर’ निघाला. तो कंपासपेटीसारखा उघडे व आत टंकलेखनाच्या कळा असत.

आपल्या देशात मोबाइल व सर्वांसाठी इंटरनेट ही दोन्ही १९९५ सालचीच, पण त्यांची गाठ पडली पुढे जीपीआरएस आल्यावर. तीही आपोआप नव्हे. आधी एपीएन, म्हणजे कंपनीच्या दाराचे नाव, भरायचे. मग टपाल येण्याच्या सर्व्हरचे नाव निराळे, जाण्याचे निराळे. एक टिंब चुकले की सारे अडले!

२००९ साली भावाने मस्कतहून आपल्या तान्ह्या बाळाचा फोटो ईमेलने धाडला. आई अंथरुणाला खिळलेली. दुकानदाराने पन्नास रुपये घेऊन फोन ‘लावून’ दिला, तरी आमचे टपाल जाई, येत मात्र नसे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रात्री एकेक इंग्रजी अक्षर लावून वाचले, तेव्हा दिसले की दोन्ही रकान्यांत जाण्याचेच नाव भरले होते! भावाला विचारून दुरुस्त केले.

बोटभर फोटो डोळ्यांशी धरून आई म्हणाली, “नाक आपल्याकडचं आहे ग.”